जॅक नावाचा गुलाम

आमचा बा मनमाडला रेल्वेच्या गँगमध्ये होता. रूळ कुठं खचला की गँग निघायची. रुळाखाली जॅक लावायचा, दांडा दाबत दाबत रूळ उचलायचा, खाली खडी कोंबायची, बीटरनं ठोकायची, जॅक सोडायचा. पुढच्या स्लीपरला परत तेच. संध्याकाळी घरी आला की भिंतीला टेकून म्हणायचा, 'आज जॅकनं पाठ घेतली.' मला वाटायचं, जॅक हा गँगमधलाच कुणी आडदांड माणूस असणार आणि बाचं त्याच्याशी पटत नसणार.

पुढं कळलं की ती लोखंडाची वस्तू आहे. मग हसू आलं. आणि लई वर्षांनी, कोश चाळायचा नाद लागल्यावर समजलं, की लहानपणी मी बरोबर होतो. जॅक हा माणूसच होता.

दोस्तांनो, तुम्ही म्हणाल, ह्याला काय इतिहास म्हणायचा? राजांचा इतिहास त्यांच्या नावानिशी लिहिलेला असतो. शिलालेख असतात, ताम्रपट असतात, पदरी बखर लिहिणारे असतात. ज्यांची नावं लिहून ठेवायची कुणाला गरजच पडली नाही, त्यांचा इतिहास हुडकायचा कुठं? मला वाटतं, शब्दांत. काही शब्द उकरले की खाली माणूस गाडलेला सापडतो. जॅक हा तसला शब्द आहे, म्हणून जरा खोलात जातो.

चौदाव्या शतकातल्या इंग्लंडात जॉन हे नाव इतकं बोकाळलेलं होतं, की पुरुषांमध्ये दुसरं कुठलंच नाव एवढं सापडायचं नाही. एका गावात इतके जॉन म्हटल्यावर टोपणनावं आली. जॉनचं जॅन्किन झालं, म्हंजे छोटा जॉन. त्याचं जॅकिन, आणि जॅकिनचं जॅक. आपल्या जनार्दनाचा जन्या होतो तसंच. पण आपल्याला ठाऊक आहे, नावाचं शेपूट फुकट बदलत नाही. धोंडा एकच, पण वाड्यात तो धोंडोपंत, कुणब्याच्या घरी धोंडीबा, आणि गावकुसाबाहेर धोंड्या. इंग्लंडात तेच झालं. जमीनदाराचा जॉन हा जॉन राहिला. शेतावरचा, तबेल्यातला, भटारखान्यातला जॉन तेवढा जॅक झाला. मग जॅक म्हंजे कुणीही फालतू माणूस, आपला सोम्यागोम्या. हाक मारली की यावं, सांगितलं की करावं, कुठला जॅक हे विचारायचं कारण नाही.

फ्रान्समध्ये असंच झालं, तेही जवळपास त्याच काळात. तिकडचं नाव जाक, त्याचं मूळ निराळं. पण सरदार लोक शेतकऱ्याला टिंगलीनं 'जाक बोनॉम' म्हणायचे, म्हंजे भला माणूस जाक. मार खाऊन गप बसणारा तो भला. १३५८ साली पॅरिसच्या उत्तरेकडचे हे जाक उठले, सरदारांच्या गढ्या जाळल्या. पंधरा दिवसांत त्यांची कत्तल झाली, त्यांचा पुढारी गियोम काल याला पकडून ठार मारलं. त्या उठावाला 'जाकरी' म्हणतात, आणि पुढं फ्रेंच भाषेत कुठल्याही शेतकरी बंडाला तोच शब्द लागला. टिंगलीचं नाव दहशतीचं झालं. बहुतेक कोशकार असंही सांगतात, की ह्याच जाकच्या अंगातल्या आखूड बंडीवरून जॅकेट हा शब्द आला. आपण त्याचं जाकीट केलं. आता ते पुढारी घालतात!

इंग्लंडातल्या जॅकची पाळी तेवीस वर्षांनी आली. त्याआधी १३४८ आणि १३४९ मध्ये प्लेगनं माणसं पटापट मेली होती. मजूर मिळेना, मजुरी चढायला लागली. तर राजानं हुकूम काढला, की साठ वर्षांच्या आतल्या, पोटापाण्याचा दुसरा आधार नसलेल्या प्रत्येकानं बोलावील त्याच्या कामाला गेलंच पाहिजे, आणि मजुरी प्लेगच्या आधीच्या दरानंच घेतली पाहिजे. १३५१ मध्ये त्याचा पक्का कायदा झाला. वतनाच्या नावाखाली गावभर राबलेल्या आपल्या आज्या-पणज्याला ही भाषा काही नवी वाटली नसती. वर डोईपट्टी आली, चार वर्षांत तीनदा. तिसऱ्या वेळी पंधरा वर्षांवरच्या दर डोक्याला एक शिलिंग. गरिबालाही साधारण तेवढीच आणि सरदारालाही.

१३८१ च्या उन्हाळ्यात केंट आणि एसेक्स पेटले. वॉट टायलर पुढारी. आणि जॉन बॉल हा पाद्री, जो उघड विचारत होता की देवानं माणसं घडवली तेव्हा धनी कोण होता आणि चाकर कोण. त्या वेळी बंडवाल्यांमध्ये फिरलेली पत्रं तेव्हाच्या बखरकारांनी उतरवून ठेवली आहेत. शत्रूचेच बखरकार, पण उतरवलं हे बरं केलं. त्या पत्रांखालची नावं बघा: जॅक चक्कीवाला, जॅक गाडीवान, जॅक खरामाणूस. उठावाच्या एका पुढाऱ्याचं नाव जॅक स्ट्रॉ, म्हंजे जॅक गवतकाडी. ही निरनिराळी माणसं होती की एकट्या बॉलनंच घेतलेली ही सोंगं, ह्यावर पंडित अजून भांडतात. भांडू द्या. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्या नावानं धनी सगळ्यांना एकाच दावणीला बांधत होता, तेच नाव त्यांनी उचलून अंगावर घेतलं. तुम्हाला आमच्यातला कुठला जॅक हे कधी ओळखायचं नव्हतं ना? मग आता ओळखू नका. पकडायचा कुणाला? सगळेच जॅक.

वॉट टायलरला स्मिथफील्डच्या मैदानात, राजाशी बोलणी चालू असताना मारला. जॉन बॉलला १५ जुलै १३८१ ला राजाच्या समोर फाशी दिलं. १४५० मध्ये केंटमधूनच आणखी एक जॅक लंडनवर चालून गेला, जॅक केड. तोही मेला. पण डोईपट्टी परत बसवायला राजांना पुढं लई वर्षं धीर झाला नाही.

बंडं मोडली आणि जॅक परत कामाला लागला. आता इथून शब्दाचे खरे फाटे फुटतात. मला तर ह्या भागानं झोप येऊ दिली नाही.

साहेबाच्या पायातला उंच बूट ओढून काढायला पोरगा लागायचा, तो जॅक. पुढं लाकडाला खाच पाडून एक वस्तू केली, खाचेत टाच अडकवायची आणि पाय ओढायचा. पोरग्याची गरज संपली. वस्तूचं नाव बूटजॅक. भटारखान्यात अख्खं जनावर सळईवर भाजायचे. ती सळई तासन्‌तास फिरवत एक पोरगा विस्तवाशेजारी भाजत बसायचा. पुढं वजनावर आणि धुरावर चालणारं चक्र आलं, त्याचंही नाव जॅक. चर्चच्या घड्याळात घंटेवर टोला देणारा बाहुला जॅक. सुताराचा पहिला ओबडधोबड रंधा मारायचा तो जॅक प्लेन. सफाईचं काम निराळ्या रंध्याचं. ओझं उचलणारा स्क्रू, तोही जॅक. १८५१ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजननं तेलाच्या नाहीतर पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या जॅकचं पेटंट घेतलं. ट्रकखाली आज जो लावतात तो त्याच्याच वंशातला. खडक फोडणारा जॅकहॅमर. गाढवांतला नर तो जॅकॅस. जहाजाच्या नाळेवर लावायची लहान निशाणी ती जॅक. तिच्यावरून पुढं दीडशे वर्षं आपल्या डोक्यावर फडकलेला युनियन जॅक. जिथं काम जड, घाण किंवा हलकं, नाहीतर वस्तू लहान, तिथं जॅक. एकच माणूस सगळी कामं करतो त्यालाही जॅकच म्हणतात. आपल्या गावात हद्द राखणं, सांगावा नेणं, मेलेलं ढोर ओढणं, सरकारी माणसाचं ओझं वाहणं हे सगळं ज्या एकाच्या गळ्यात होतं, त्याला तिथं काय म्हटलं असतं हे सांगायला नको.

(एक खुलासा. फणसाला इंग्रज जॅकफ्रूट म्हणतो, पण फणस आपला आहे. मल्याळी 'चक्का'चं पोर्तुगिजांनी 'जाका' केलं, त्याचं ते झालं. ह्या एका जागी तरी जॅकनं ओझं उचललेलं नाही.)

आता पत्ते काढा. राजा, राणी, आणि त्यांच्या खाली कोण? इंग्रजीत त्याचं जुनं नाव 'नेव्ह'. मूळ अर्थ पोरगा. मग अर्थ झाला नोकर. मग अर्थ झाला लबाड. तीन पायऱ्या, आणि तिन्ही खाली जाणाऱ्या. सिनेमातला व्हिलन असाच घसरला, मुळात तो जमीनदाराच्या शेतावरचा वेठबिगार. ह्या नेव्हला जॅक म्हणणारे ते खालच्या वर्गातले, त्यांच्या पत्त्याच्या डावातला तो शब्द. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (१८६१) पिप हा लोहाराच्या घरचा पोरगा त्या पानाला जॅक म्हणतो आणि श्रीमंताघरची पोरगी एवढ्यावरून त्याची लाज काढते. पण राजा आणि नेव्ह, दोघांचं इंग्रजी पहिलं अक्षर एकच. पानाच्या कोपऱ्यात अक्षरं छापायला लागल्यावर घोटाळा व्हायला लागला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखानदारांनी मुकाट जॅक घेतला. म्हंजे हलक्या लोकांचा शब्द जिंकला, पण तो राजाला गुलामापासून वेगळं ओळखता यावं म्हणून.

आणि आपण त्या पानाला काय म्हणतो? गुलाम. सरळ. मराठीनं आडपडदा ठेवला नाही. गुलामचोर खेळलाच असाल. जोड्या लावून पानं टाकायची, शेवटी ज्याच्या हातात एकटा गुलाम उरतो तो चोर. गुलाम हातात असणं हाच गुन्हा! पण किनाऱ्याकडं तीनशे चार म्हणून एक डाव आहे. त्यात राजाला ३ गुण, राणीला २, आणि गुलामाला ३०. सगळ्या पानांत वरचढ. हा डाव ज्यांनी काढला त्यांची मला चौकशी करायची आहे.

जॅक ह्या देशात पत्त्यांच्या आधी फौजेबरोबर आला. गोऱ्या खलाशाला इंग्रज जॅक टार म्हणायचा, आणि कंपनीच्या पलटणीतल्या देशी शिपायाला जॅक सिपॉय. मुंबईच्या फौजेत त्यांतले पुष्कळ आपले होते. म्हंजे आपल्या पणज्यांनाही हे नाव लागून गेलेलं आहे. पण कोरेगावला जा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या ४९ जणांची नावं त्या स्तंभावर कोरलेली आहेत, आणि त्यांतली २२ 'नाक' नं संपतात. नाक हे महाराच्या नावामागं लागणारं मानाचं शेपूट, जसं राव, जसं जी. गावच्या पाटलाच्या तोंडी जो नुसता अमक्या नाहीतर तमक्या झाला असता, तो तिथं दगडात अमकनाक आहे. साहेब छावणीत काहीही म्हणत असो, दगडावर त्याला जॅक लिहिता आलं नाही. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापुढं उभे राहिले. लोक त्यांच्याबद्दल लढाईच्या अंगानं बोलतात, ते बरोबरच आहे. मी तिथं जातो तेव्हा ते 'नाक' मोजत बसतो. त्याच इंग्रजानं एकोणिसावं शतक संपता संपता महारांची भरती बंद केली, हेही विसरत नाही.

मुंबईनं स्वतःचा जॅक तयार केला, त्याचं नाव रामा. कोकणातून येऊन शेठ-साहेबांच्या घरात भांडी, झाडू, बाजार करणारा गडी. त्याचं नाव गोविंद असो की सखाराम, घरात तो रामा. 'आमचा रामा पळाला, दुसरा रामा बघा.' देवाचं नाव, तेही चाकरीला जुंपलं. अमेरिकेत पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यात बिछाने घालणारे नोकर बहुतेक काळे होते, प्रवासी त्या सगळ्यांना जॉर्ज म्हणायचे. मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून नोकरही जॉर्ज; गुलामगिरीत गुलामाला मालकाचं नाव लागायचं तीच रीत. त्या जॉर्ज लोकांनी १९२५ मध्ये असा फिलिप रँडॉल्फच्या पुढारीपणाखाली युनियन केली आणि बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली.

आपली गोष्ट ह्याच्याही एक पायरी खाली. फेब्रुवारी १९३८ मध्ये आमच्या मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू बाबासाहेबांनी तिथं सांगितले, हे तुम्ही पाठच केलेलं असेल. पण त्याच भाषणात त्यांनी आणखी एक बारकी गोष्ट मांडली होती. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणूनच कुजतो, त्याला साधा पोर्टरसुद्धा करत नाहीत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामंही करावी लागतात आणि स्टेशनमास्तरला घरात अस्पृश्य चालत नाही. म्हंजे बघा, रामा व्हायलाही जात लागत होती. आमचा आजा त्या परिषदेला मांडवात खाली बसला होता. तोही गँगमन, मग बाही गँगमन.

बानं माझं नाव मिलिंद ठेवलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसानं हे नाव कुठून आणलं ते तुम्हाला कळेल. शाळेच्या सुट्टीत मी मनमाडबाहेरच्या एका गॅरेजवर जायला लागलो, तेव्हा बारा वर्षांचा होतो. पहिल्या दिवशी मिस्त्रीनं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं जिभेवर घोळवून बघितलं आणि म्हणाला, 'हे लई मोठं झालं. बारक्या म्हणू.' माझ्याआधीचाही बारक्याच होता आणि माझ्यानंतरचाही. 'ए बारक्या, जॅक दे.' जॅक घेऊन ट्रकखाली शिरायचं, अंगाखाली पोतं, वर आठ टनाचा लोढा. एकदा जॅक सटकला. मी पाय काढून घेतला म्हणून आज हे लिहितोय. मालक धावत आला, वाकून खाली बघितलं आणि पहिलं विचारलं, 'जॅकला काय झालं नाही ना?' कुठल्या जॅकला, हे मला पुढं सुचलं.

त्यानंतर हा शब्द मला भेटला तो निराळ्याच कपड्यांत. पदवी घेतली, १९८४ साली एका कचेरीत मुलाखतीला गेलो. बाहेरच्या बाकावर एक कारकून सलगीनं बाजूला येऊन बसला. 'मार्क चांगले आहेत. पण जॅक आहे का कुणाचा?' मला आधी कळेचना. मग ध्यानात आलं. जॅक लावणं म्हंजे वशिला लावणं. हा अर्थ आपण दिलाय, इंग्रजाच्या कोशात तो नाही. खालून कुणीतरी रेटा दिला की वस्तू वर जाते, हे आपल्या लोकांनी बरोबर हेरलं. पण जो मूळचा जॅक, ज्याच्या पाठीवर गाडी टेकलेली, त्यालाच विचारायचं, तुला जॅक आहे का? मी म्हटलं, 'बा आहे. गँगमध्ये.' कारकून हसला नाही. उठून गेला. नोकरी मिळाली नाही, ती दुसरीकडं मिळाली.

आता एक नाव असं, ज्याचा शब्द आपण स्वतः केला. भीम. खेड्यापाड्यात भीमा, भीम्या, भिमी अशी नावं पैशाला पासरी होती. त्यातलंच एक भिवा, तो भीमराव झाला. कामठीच्या बाबू हरदासांनी 'जयभीम' रूढ केलं असं आपण मानतो. आणि आज त्या शब्दाचे अर्थ मोजा. भेटलो की जयभीम, निघालो की जयभीम. फोन उचलला की जयभीम. पत्राच्या माथ्यावर तोच. भांडण मिटलं की तोच. अनोळखी गावात रात्री दार वाजवायचं झालं तर तोच, आणि तो ऐकला की आतून कडी निघते. जोहार गेला, त्याच्या जागी हा आला. पण त्याच शब्दाला बाहेर दुसरा अर्थ चिकटवलेला आहे. खोली भाड्यानं बघायला जा. मालक आडनावावरून अंदाज घेतो, मग आत जाऊन बायकोला हळू आवाजात सांगतो, 'जयभीमवाले आहेत.' तिथं तो शब्द परत दावण होतो. एका शब्दाच्या एका टोकाला आपण आणि दुसऱ्या टोकाला तो. १३८१ च्या त्या गाडीवानाचं काय झालं असेल ते मला अशा वेळी कळतं.

माझं एक काम आहे तुमच्याकडं. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला त्याच्या आज्याचं नाव विचारा. सात-बाऱ्यावर काय आहे, शाळेच्या दाखल्यावर काय आहे, गावात हाक कशी मारायचे आणि घरात कशी, हे चारी निरनिराळं लिहून काढा. कचऱ्या, उकिरड्या, दगडू, धोंडी, जे असेल ते, लाजू नका, सुधारून लिहू नका. मागं नाक असेल तर तो नक्की लिहा. आणि आपापल्या नाक्यावरच्या चहाच्या गाडीवर, गॅरेजवर जो पोरगा आहे, ज्याला सगळे छोटू म्हणतात, त्यालाही विचारून घ्या. मी आमच्या नाक्यावर विचारलं. पहिल्यांदा तो 'छोटू'च म्हणाला. मी चहा संपवेपर्यंत थांबलो, परत विचारलं. मग त्यानं कपबशा खाली ठेवल्या आणि बापाच्या नावासकट सांगितलं.